मोटरहोम उभी राहून बिघडते

मोटरहोम, म्हणजे चालतंफिरतं घर असलेली गाडी, घेऊ का असं विचारणारा माणूस भेटला की त्याचे प्रश्न ठरलेले असतात. बॅटरी कुठली टाकू, सोलर किती वॅटचं बसवू, इन्व्हर्टर दोन हजार वॅटचा पुरेल की तीन हजारचा घेऊ. मी त्याला उलट विचारतो, की बाबा रे, वर्षातले किती आठवडे ती चालणार आणि किती आठवडे नुसती उभी राहणार? तो गोंधळतो, कारण चालवायलाच तर घेतोय ना. पण बहुतेकांची मोटरहोम वर्षाचा मोठा भाग एका जागी उभी असते, आणि इतकी वर्षं हिच्या मागे लागून माझं एक मत पक्कं झालंय, की या गाड्या रस्त्यावर बंद पडतात खऱ्या पण बिघडलेल्या असतात त्याच्या कितीतरी आधी, उभ्या उभ्या, कोणी बघत नसताना. आणि नवीन वस्तू बसवायची जी हौस आपल्याला येते ना, ती बऱ्याचदा त्याच बिघाडावर पांघरूण घालत असते.

टायरपासूनच घ्या. रोजच्या कारचा टायर घासून संपतो, मोटरहोमचा टायर घासायच्या आधीच म्हातारा होतो. नक्षी कोरी करकरीत, बघणाऱ्याला वाटतं कालच टाकलाय, आणि बाजूच्या भिंतीवर मात्र बारीक बारीक भेगा. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात, चालत्या टायरमध्ये रबरातली संरक्षक द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात, उभ्या टायरमध्ये ते होत नाही, वर तेच वजन महिनोन्‌महिने एकाच जागेवर. टायरवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, २३१९ असं लिहिलेलं असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलाय. कधीकधी हे आकडे आतल्या बाजूला असतात, मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचं, पर्याय नाही. माझा नियम असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासायचे आणि सात-आठ झाली की नक्षीकडे ढुंकूनही न बघता बदलायचे. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून निसटतं आणि मागचा फुटला तर तो चाकावरचं कव्हर, पाण्याचे पाईप, गॅसची लाईन सगळं झोडपून काढतो, आत घर आहे हे त्याला माहीत नसतं.

हवेचंही तसंच. दारावरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो बहुधा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी असतो, त्यामुळे हलक्या गाडीत तेवढी हवा भरली की आतली भांडी नाचतात आणि ब्रेक लावताना पकड कमी. बरोबर पद्धत म्हणजे पुढचा आणि मागचा अॅक्सल वेगवेगळा वजनकाट्यावर तोलायचा आणि टायर कंपनीच्या तक्त्यातून त्या वजनाची हवा काढायची. मोटरहोमसाठी खास बनवलेल्या, सीपी असं लिहिलेल्या टायरमध्ये मागे ५.५ बार म्हणजे ८० पीएसआयपर्यंत हवा सांगितलेली असते, आणि इथे एक छोटीशी गोष्ट फार जण विसरतात, की साधा रबराचा व्हॉल्व्ह साधारण ४.५ बारपर्यंतच चालतो, त्याच्यावर धातूचा व्हॉल्व्ह लागतो. नवीन टायर टाकताना सांगितलं नाही तर दुकानदार आपला रबराचाच टाकून मोकळा होतो. आणि चाकं काढून बसवली असतील तर ५०-१०० किलोमीटरनंतर थांबून नट परत टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, बघायचे.

ब्रेकचं दुखणं वेगळं. पावसात भिजून आलेली गाडी हँडब्रेक ओढून तीन महिने ठेवली की मागचे ब्रेक गंजून धरून बसतात, मग गाडी हलवायला गेलं की खाडकन आवाज येतो किंवा येतच नाही. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये टाकून चाकांना ठोकळे लावायचे आणि हँडब्रेक मोकळा सोडायचा. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी पितं, गाडी चालो न चालो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट ४ जातीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश असावा लागतो, पाणी प्यायलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरतो, आणि साडेतीन टनांची गाडी लांबलचक उतारावर पाय दाबून उतरवली की ब्रेक तेवढे सहज तापतात. ऑईल उकळलं की पेडल सरळ खाली. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुन्या ट्रकवाल्यांचं शहाणपण मोटरहोमला जसंच्या तसं लागू आहे.

टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनातले भाग एका तालात फिरवणाऱ्या पट्ट्याला, तर लोक किलोमीटरनेच मोजतात. मॅन्युअलमध्ये नीट लिहिलेलं असतं की इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते, आणि आपल्या बाबतीत वर्षंच आधी होतात, नेहमी. दहा वर्षांची गाडी चाळीस हजार किलोमीटर चाललेली म्हणून कौतुकाने विकतात, मी अशा गाडीला जास्त घाबरतो. आणि हो, ते दर रविवारी सेल्फ मारून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं व्रत कृपया सोडा. त्यात इंजिन पूर्ण तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढीही भरून निघेलच असं नाही, डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर त्यात काजळी. त्यापेक्षा महिन्यातून एकदा तासभर रस्त्यावर घेऊन जा, ब्रेक फिरतात, टायर फिरतात, एसीचा कॉम्प्रेसर फिरतो, तुमचंही डोकं फिरून येतं.

बॅटरीबद्दल सगळेच बोलतात पण उभ्या गाडीतल्या बॅटरीबद्दल कमी. साधी लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असताना १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ ला ती अर्ध्यावर आलेली असते आणि १२ च्या खाली गेली की समजा रिकामी. अर्धवट रिकाम्या अवस्थेत आठवडे गेले की प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो आणि तेवढी क्षमता कायमची गेली, नंतर कितीही चार्ज करा. आता अलार्म, ट्रॅकर, रेडिओची मेमरी, गॅसचा सेन्सर, कंट्रोल पॅनलवरचा तो निळा दिवा, हे सगळे थोडं थोडं खात असतात. मेन स्विच बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं नाही, काही वायरी त्या स्विचच्या आधीच निघालेल्या असतात. मल्टीमीटर मालिकेत, म्हणजे बॅटरी आणि तिच्या वायरीच्या मध्ये, लावून एकदा बघा, सगळं बंद असताना किती करंट जातोय. अर्धा अँपिअर जरी जात असेल तरी दिवसाला १२ अँपिअर-तास झाले, म्हणजे शंभरची बॅटरी चार दिवसांत अर्धी. यावर लोकांचा उपाय म्हणजे दुसरी बॅटरी जोडायची. तो चोर मात्र तिथेच बसलेला असतो, आता त्याला दुप्पट मिळतं.

पण मोटरहोमचा खरा शत्रू विचाराल तर ओल. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, भिंत कुजली की गाडीची किंमत संपते. या गाड्यांची भिंत म्हणजे बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबर, मध्ये फोम आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत लाकडी पट्ट्या, आत पातळ प्लाय. कोपऱ्यांवर, खिडक्यांभोवती, छतावरच्या स्कायलाईटभोवती, दिव्यांच्या मागे सगळीकडे फटी बुजवणारा सीलंट, आणि तो सीलंट वर्षांनी सुकून आखडतो. भेग केसाएवढी असते. पाणी आत शिरतं तिथे दिसतच नाही, लाकडी पट्टीवरून सरकत सरकत दोन मीटर लांब जाऊन कपाटाच्या मागे उतरतं. भिंतीचा कागद फुगलाय, बोटाने दाबलं की मऊ लागतं, दार उघडल्याबरोबर कुबट वास येतो, इथपर्यंत आलं म्हणजे उशीर झालाय.

म्हणून ओलाव्याचा मीटर, दोन टोकं असलेला, हे माझ्या मते मोटरहोमवाल्याचं पहिलं उपकरण, सोलरच्याही आधी. वर्षातून दोनदा त्याच त्याच ठिकाणी लावायचा आणि आकडे वहीत लिहायचे. साधारण १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, विसाच्या वर गेलं की शोध घ्या, तिसाच्या वर म्हणजे आत लाकूड गेलंय असंच समजा. एका आकड्याला तसा काही अर्थ नसतो, दमट दिवसात सगळेच आकडे चढतात, पण मागच्या वेळी १२ असलेला कोपरा आज १९ दाखवतोय आणि बाकी सगळे १३ वर आहेत, हे कळायला वहीच लागते.

सीलंट लावायला बसलात तर सिलिकॉन नको. बाथरूमचं सिलिकॉन दिसायला छान, लावायला सोपं, आणि त्याचा अंश राहिला तर त्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. बाहेरच्या पट्ट्यांच्या खाली ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ रबरी चिकटपट्टी, वरून पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड पॉलिमरचा सीलंट, तोही प्लास्टिकला चालतो का ते ट्यूबवर वाचून, कारण काही सीलंट एबीएस प्लास्टिकला आतून तडे पाडतात. जुन्यावर नवीन थापणं हे काम नव्हे. जुनं खरवडून काढायचं, पुसायचं, कोरडं करायचं, मग लावायचं, आणि या सगळ्यात खरवडण्यातच नव्वद टक्के वेळ जातो, कंबर वेगळी जाते. खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात, त्यांना घरातला काच पुसायचा स्प्रे किंवा अल्कोहोल लावलं की बारीक जाळीसारखे तडे येतात, साबणाचं पाणी बस झालं.

थंडीत गोठण्याइतकं तापमान उतरत असेल तर पाण्याची सगळी यंत्रणा रिकामी करायची, हे सगळ्यांना माहीत असतं, पण रिकामी म्हणजे टाकी रिकामी असं धरून चालतात. पाणी अडकतं ते नळात, शॉवरच्या पाईपात, पंपात, फिल्टरच्या वाटीत. नळ उघडे ठेवायचे, मधल्या स्थितीत, म्हणजे गरम-थंड दोन्ही लाईन मोकळ्या होतात, शॉवर खाली लोंबकळत सोडायचा, पंप क्षणभर चालवून थांबवायचा. बऱ्याच बॉयलरना एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो जो तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की आपोआप उघडून सगळं पाणी सोडून देतो. नवीन मालक घाबरतात, गाडीखाली तळं साचलं, बॉयलर फुटला. फुटला नाही, वाचला. आणि नळ बंद असताना पंप अधूनमधून स्वतःहून गुर्र करत असेल तर कुठेतरी थेंब थेंब गळतंय किंवा पंपातला व्हॉल्व्ह परत पाणी सोडतोय, रात्री तो आवाज ऐकून कूस बदलू नका, उठून बघा.

आता विजेचे बिघाड, जिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मोटरहोम म्हणजे दोन कारखान्यांचं काम, एकाने चेसिस बनवली, दुसऱ्याने त्यावर घर चढवलं, आणि दोघांच्या वायरी जिथे भेटतात तिथे कोणाचंच लक्ष नाही. गॅरेजवाला म्हणतो हे घराचं काम आहे, घराचं काम करणारा म्हणतो दादा हे गाडीचं, तुम्ही गॅरेजला दाखवा. या सीमेवर एक बारीक वायर असते, डी प्लस म्हणतात तिला. इंजिन चालू झालं की तिच्यात करंट येतो आणि त्या इशाऱ्यावर घरची, म्हणजे आतल्या दिव्या-पंपांची, बॅटरी अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जनित्राला, जोडली जाते, फ्रिज बारा व्होल्टवर जातो, बाहेरची पायरी आत जाते. एका प्रवासात फ्रिज गार होईना, पायरी आत जाईना आणि घरची बॅटरी भरेना, असे तिन्ही त्रास एकदम सुरू झाले तर तीन वस्तू बिघडलेल्या नसतात, त्या एका इशाऱ्याचा फ्यूज किंवा रिले गेलेला असतो. आमच्या ओळखीत एका जोडप्याला कुठल्याशा वर्कशॉपने फ्रिजचं नवीन एलिमेंट आणि पायरीची नवीन मोटर दोन्ही विकली होती. शेवटी निघाला फ्यूज.

दुसरा नेहमीचा चोर म्हणजे अर्थिंग. पॉझिटिव्ह वायर सगळे तपासतात, निगेटिव्ह कुठे चेसिसला बोल्ट केलीय तिथे गंज, मीठ, कार्बन. दिवा मंद, पंप दमल्यासारखा चालतो, एक चालू केलं की दुसरं चमकतं, ही सगळी अर्थिंगची लक्षणं. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या वस्तूच्या निगेटिव्हला, आणि वस्तू चालू ठेवायची. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वस्तू चांगली आहे, वाट खराब आहे. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावा, बसवा. फुकटातलं काम आहे हे. फ्यूजच्या बाबतीत एवढंच, की फ्यूज वायर वाचवायला असतो, लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०, आणि १० चा उडतोय म्हणून २० चा टाकला की पुढच्या वेळी उडायला फ्यूज नसेल, वायरच असेल.

वजनाकडे येतो, कारण अपग्रेडचा विषय खरा तिथूनच सुरू होतो. बऱ्याचशा मोटरहोम ३५०० किलोच्या मर्यादेत बसवलेल्या असतात, आणि कारखान्यातून निघताना त्या मर्यादेच्या इतक्या जवळ असतात की माणसं, पाणी, कपडे, सायकली चढल्या की शिल्लक संपली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. छतावर गुंडाळून ठेवायचं ऑनिंग म्हणजे कापडी छप्पर, मागची बॅटरी, एसी, प्रत्येकाचं वजन माहितीपत्रकात असतं पण बेरीज कोणी करत नाही. त्यातून मागे लटकवलेलं सामान आणखी फसवतं. मागच्या चाकांपासून २ मीटर मागे १०० किलो ठेवले, दोन्ही अॅक्सलमधलं अंतर ४ मीटर धरलं, तर मागच्या अॅक्सलवर १५० किलो वाढतात आणि पुढचा ५० किलोने हलका होतो. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर ओल्या चढावर ती जागेवरच फिरते. मग लोक मागे एअर सस्पेन्शन बसवतात. ते चांगलंच आहे, गाडी डुलत नाही, मागची बाजू उचलली जाते, पण त्याने अॅक्सलची मंजूर क्षमता आपोआप वाढत नाही, कागदावर जो आकडा आहे तोच राहतो. भरलेल्या टाक्या, भरलेली कपाटं आणि सगळी माणसं घेऊन एकदा काट्यावर जा. ती पावती हातात घेऊन मग ठरवा काय बसवायचं.

आणि काय बसवायचं यात पहिला नंबर माझ्याकडून एलईडी दिव्यांना. कोणी कौतुक करत नाही, फोटोत दिसत नाहीत. जुने दहा हॅलोजन, प्रत्येकी १० वॅट, म्हणजे ताशी आठ-साडेआठ अँपिअर-तास. तेवढाच उजेड देणारे एलईडी दोनेक वॅटचे. संध्याकाळचा खर्च एकपंचमांश झाला, नवीन बॅटरी न घेता. हे झाल्यावर खर्च मोजणारा मीटर लावायचा, तो शंट असलेला, जो निगेटिव्हच्या वाटेवर बसून किती अँपिअर आले आणि गेले याची नोंद ठेवतो. एक पूर्ण सहल त्या आकड्यांकडे बघा. बऱ्याच जणांना तिथेच कळतं की आपल्याला लिथियम बॅटरीची गरज नव्हती.

ज्यांना खरंच आहे त्यांनी जरूर घ्यावी, वस्तू उत्तम आहे. १०० अँपिअर-तासाची लेड-अॅसिड २५-३० किलोची, त्यातले पन्नासच वापरायचे. तेवढीच लिथियम आयर्न फॉस्फेट १२-१३ किलोची आणि त्यातले ऐंशी-नव्वद बिनधास्त वापरा, आयुष्यही हजारो वेळा भरून रिकामी करण्याइतकं. पण मोटरहोममध्ये एक वस्तू बदलली की तिची सगळी भावकी दारात येऊन उभी राहते. लिथियम बॅटरी भुकेली असते, अल्टरनेटर जेवढा देईल तेवढा करंट ओढते, आणि अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालायला बनलेला नसतो, तो तापून जळतो. म्हणून मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर. नव्या इंजिनांचे स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज मध्येच खाली आणतात, त्यांना तर तो लागतोच. मग विजेच्या कनेक्शनवरचा जुना चार्जर लिथियमचं १४.४-१४.६ व्होल्टचं गणित पाळतो का ते बघा. सोलरच्या कंट्रोलरचं सेटिंग बदला. जाड केबल, बॅटरीच्या अगदी जवळ मोठा फ्यूज. बॅटरी ० अंशाखाली चार्ज करायची नाही, म्हणजे बाहेरच्या कप्प्यात असेल तर आत आणा किंवा हीटरवाली घ्या. व्होल्टेज बघून किती उरलंय ते कळणार नाही कारण ते शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं आणि मग धप्पकन पडतं, म्हणून तो शंट. बॅटरीची किंमत सांगणारे ही सगळी यादी सांगत नाहीत. बायकोने आमच्या वेळी ती यादी बघून एवढंच विचारलं, "अरे, पण यातलं आपण रात्री नक्की काय चालवणार आहोत?" प्रश्न इतका रास्त होता की आम्ही निम्म्या आकाराची बॅटरी घेतली आणि आजतागायत ती पुरतेय.

इन्व्हर्टरचा सोस तर मला कळतच नाही. २००० वॅट बारा व्होल्टवर म्हणजे १६७ अँपिअर, नुकसान धरून आणखी वीसेक. इतका करंट वाहून न्यायला बोटाएवढी केबल लागते आणि ती जितकी लांब तितकी तापते. फोन, लॅपटॉप, दिवे, पंप, पंखा यांना बारा व्होल्टवरच भागवता येतं. सोलरचं थोडक्यात सांगायचं तर सपाट छतावरचा १०० वॅटचा पॅनल पूर्ण शंभर क्वचितच देतो, तापला की आणखी कमी, आणि शेजारच्या स्कायलाईटची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न धाडकन उतरतं. एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, कंट्रोलर घ्या, पॅनलखाली हवा खेळू द्या, आणि धुळीचा थर पुसत जा.

फ्रिजवर मात्र मला प्रेम आहे, त्या जुन्या गॅसवर चालणाऱ्या फ्रिजवर. आग लावून गारवा काढायची या फ्रिजमधली पद्धत स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटेर्स यांनी, १९२२ मध्ये प्रत्यक्षात आणली, आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही. अट एकच, गाडी सपाट उभी हवी, कारण आतला द्रव नुसत्या गुरुत्वाकर्षणाने फिरतो. हा फ्रिज गार करत नसेल तर लगेच नवीन कॉम्प्रेसर फ्रिज बघायला धावू नका. बर्नरवर चिमणीतून गंजाचे कण पडलेले असतात आणि ज्योत पिवळी, बुटकी झालेली असते, गॅसचं काम जाणणाऱ्याकडून साफ करून घेतलं की बरेचदा परत जिवंत होतो. उन्हाळ्यात त्याच्या पाठीमागची गरम हवा बाहेर पडत नाही, तिथे दोन छोटे बारा व्होल्टचे पंखे बसवणं हे स्वस्तातलं पण फरक जाणवणारं अपग्रेड. बारा व्होल्टवर तो ताशी १० ते १४ अँपिअर-तास खातो, तेव्हा उभ्या गाडीत बारा व्होल्टवर ठेवायचा नाही.

गॅसचं म्हणाल तर ब्यूटेन शून्याच्या आसपास उकळायचा थांबतो, म्हणजे बाटली भरलेली असून थंडीत शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. रेग्युलेटर आणि रबरी नळी यांच्यावर तारीख असते, ती बघा. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून फरशीला ठेवलेली भोकं थंडी येते म्हणून कधीही बुजवू नका. गॅसचा सेन्सर खाली हवा, कार्बन मोनॉक्साइडचा झोपतो त्या उंचीच्या आसपास. हा दुसरा, कार्बन मोनॉक्साइडचा, उगाच वाजतोय असं वाटलं तरी आधी सगळे बाहेर पडा, दारं उघडा, ज्योती बंद करा, आणि नंतर बॅटरीलाही हात लावून बघा. मरायला टेकलेली लेड-अॅसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तो सेन्सर त्यालाही फसतो.

रस्त्यात अडकलात तर गाडी ओढून नेणारा ट्रक साधा चालत नाही. विमा किंवा मदतसेवा घेताना लांबी, उंची, वजन यांची मर्यादा वाचा, कारण फोनवर "गाडी कुठली?" म्हटल्यावर आपण चेसिसचं नाव सांगतो आणि ते छोटा ट्रक पाठवतात. सात मीटर लांब, तीन मीटरच्या वर उंच, साडेतीन टन, हे आधी सांगायचं. तेच आकडे एका कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, कमानीखाली शिरताना उपयोगी पडतात, उंची मात्र स्वतः मोजलेली हवी, माहितीपत्रकातली एसी आणि सोलर बसवायच्या आधीची असते. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसती फोमची बाटली, ती फाटलेल्या टायरला काही करत नाही. टोचन लावायचा हूक कुठे ठेवलाय आणि तो कुठे बसतो हे घरी असतानाच बघा. ओल्या गवतावर पुढची चाकं फिरायला लागली की पाय उचला, जितकं रेस कराल तितका खड्डा. पाण्याच्या टाक्या, सांडपाण्यासकट, नियम असेल तिथे रिकाम्या करून, पुढच्या टायरची हवा थोडी कमी करून, मॅट चाकासमोर सरकवून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच. मुळात उतरणीकडे तोंड करून उभी केली असती तर हे करावं लागलं नसतं.

हल्ली मी बसवण्यापेक्षा काढतो जास्त. छतावरची टीव्हीची डिश काढली, न वापरलेलं एक कपाट काढलं, दुसरी गॅसची बाटली घरी ठेवली, गाडी हलकी झाली आणि तपासायला भोकंही कमी. डिश काढली तिथे छताला वायरचं भोक राहतं, त्यावर अॅल्युमिनियमची चकती, खाली ब्यूटिल टेप, कडेने सीलंट, आणि पुढचा मोठा पाऊस होऊन गेला की आतून तिथे मीटर टोचून बघायचं. आकडा चढलेला दिसला तर सगळं उपसून परत पहिल्यापासून.